माळावरची सातवी माळ

चिपळूणच्या फलाटावर आमच्या ह्यांनी मला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक म्हणजे, मुलीच्या सासरी चालली आहेस, तिथल्या स्वयंपाकघरात शिरू नकोस. दुसरी, पोचल्यावर फोन कर. दुसरी गोष्ट मी पाळली.

मेघनाचं लग्न होऊन वर्ष उलटून गेलं होतं, पण तिच्या घरी राहायला जाण्याचा योग काही येत नव्हता. फोनवर ती रोज बोलायची. "कशी आहेस?" विचारलं की "बरी आहे", "घरी सगळे कसे आहेत?" विचारलं की "बरे आहेत". या दोन बरेंवर आईचं समाधान कसं व्हायचं? डोळ्यांनी बघून यावं, असं मनात होतं. नवरात्रात घट बघायला या, असं तिच्या सासूबाईंनी आपण होऊन बोलावलं, तेव्हा मी कोकम, काजूगर आणि उकड्या तांदळाची पिशवी भरून निघालेच.

कल्याणला गाडी बदलली. पुढे कसारा घाट चढून इगतपुरी येईपर्यंत मला आपण घरापासून लांब आलोय असं वाटलंच नाही. तीच भातशेती, तोच चिखल, आश्विन लागला तरी डोंगरातून पाणी गळतंच होतं. समोर बसलेले गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले, इगतपुरीचेच. ते म्हणाले, "आता बघा गंमत, पाऊस इथंच संपतो." आणि खरोखरच तसं झालं. अर्ध्या-पाऊण तासात आकाश मोकळं झालं, माती काळी आणि कोरडी दिसू लागली, उन्हाला धार आली. माझ्या अंगावरची दमट साडी नाशिकरोड स्टेशन येईपर्यंत वाळून खडखडीत झाली होती.

स्टेशनवर मेघना आली होती. जावई कंपनीच्या कामासाठी बाहेरगावी होते. त्यामुळे जेलरोडच्या त्यांच्या घरी आम्ही चौघी बायकाच होतो. मेघना, तिच्या सासूबाई सुनंदाताई, त्यांच्या सासूबाई आणि मी. सुनंदाताई तशा मोजकं बोलणाऱ्या. त्या मला विहीणबाई म्हणत होत्या, मीही त्यांना विहीणबाई म्हणत होते, आणि दोघीही एकमेकींना आग्रह करकरून दमत होतो. घरातलं खरं माणूस म्हणजे आजी. ऐंशीच्या पुढच्या, अंगाने चिमूटभर, मूळच्या सिन्नरकडच्या एका खेड्यातल्या. रात्री ताटात बाजरीची भाकरी आली तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कोकणातल्या माणसाला भाकरी मोडता येती का?"

"तांदळाची येते," मी म्हटलं.

"मंग ही लय अवघड नाय," म्हणून त्यांनीच माझ्या भाकरीचे दोन तुकडे केले. मला बरं वाटलं. प्रवासाने अंग आंबलं होतं, म्हणून जेवून मी लगेच आडवी झाले. मी झोपल्यावर त्या घरात गावाहून एक गाठोडं आलं, हे मला कळलं नाही. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

मी चिपळुणात कितीतरी वर्षं जेवणाचे डबे चालवले आहेत. त्यामुळे पहाटे जाग येते आणि हात रिकामे राहात नाहीत. दुसऱ्या दिवशी उठले तर सुनंदाताई अंघोळीला गेल्या होत्या आणि मेघना देवघरात घटाला पाणी घालत होती. मी चहाचं आधण ठेवायला म्हणून स्वयंपाकघरात शिरले. मागच्या गॅलरीत ओल्या गोणपाटात काहीतरी बांधून ठेवलेलं दिसलं. उघडलं तर कुर्डू!

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. कुर्डू हे पावसाच्या सुरुवातीला आपोआप उगवणारं रोप. कोणी पेरत नाही, कोणी पाणी घालत नाही. उघड्या, उन्हाच्या जागी गुडघाभर, कधी कंबरेपर्यंत वाढतं. भाद्रपद-आश्विनात त्याला तुरे येतात, खाली चंदेरी पांढरे आणि टोकाला गुलाबी, समईतल्या जाड वातीसारखे. दिवाळीनंतर ऊन तापलं की रोप वाळून जातं, आणि काळं चकचकीत बी तिथल्या तिथे सांडून पुढच्या पावसाची वाट बघत बसतं. आमच्याकडे कुर्डू म्हणजे श्रावणातली पालेभाजी. तुरा आला की तिची भाजी संपली, असं आम्ही मानतो.

या गाठोड्यातल्या कुर्डूला तर तुरेच तुरे आले होते. मला वाटलं, गावाकडून कोणीतरी भाजी पाठवली, पण बिचाऱ्याला पाठवायला उशीर झाला. तरी बाजूचे फुटवे कोवळे होते. एवढ्या लांबून आलेली भाजी वाया का घालवायची? मी पाट घेतला आणि बसले. पानं नि शेंडे खुडून एका बाजूला ठेवले, तुरे आणि काड्या दुसऱ्या बाजूला टाकल्या. पानं उकडून पिळून घेतली, भिजलेली चण्याची डाळ फ्रिजमध्ये होती ती घातली, नवरात्र म्हणून कांदा-लसूण टाळलं, जिऱ्या-मिरचीची फोडणी दिली आणि वर माझ्या पिशवीतल्या नारळाचं भरपूर खोबरं पेरलं. तेवढ्यात खाली घंटागाडी (कचऱ्याची गाडी) गाणं वाजवत आली. मी तुऱ्यांची बादली घेऊन धावत खाली गेले.

"ताई, ओला कचरा वेगळा हे ना?" गाडीवाल्याने विचारलं.

"अगदी वेगळा," मी अभिमानाने म्हटलं आणि बादली उपडी केली.

वर आले तर सुनंदाताई हातात सुई-दोरा घेऊन गॅलरीत उभ्या. त्यांनी रिकामं गोणपाट उचलून खाली-वर बघितलं.

"विहीणबाई, इथली फुलं कुठं ठेवली?"

"कुठली फुलं?" मी विचारलं. मग त्यांची नजर गॅसवरच्या कढईकडे गेली, माझीही गेली.

झालं होतं ते असं. या घरात घटावर रोज एक माळ सोडतात. पहिल्या दिवशी विड्याच्या पानांची, मग झेंडूची, तरवडाची, कारळ्याच्या पिवळ्या फुलांची, अशी ज्या-त्या दिवसाची माळ ठरलेली. सातवी माळ कुर्डूच्या तुऱ्यांची, आणि तो दिवस नेमका सातवा. का, ते सुनंदाताईंनाही माहीत नव्हतं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून सातवी माळ कुर्डूची, एवढंच. आजींचा उपवास उठता-बसता (घट बसताना आणि उठताना, एवढाच) असायचा, पण रोजची माळ घटावर चढल्याशिवाय त्या तोंडात काही घालत नसत. चहासुद्धा नाही. आणि आजींना साखरेचा आजार. गेल्या वर्षी एके दिवशी फुलं यायला उशीर झाला, त्या दुपारपर्यंत तशाच बसल्या आणि मोरीत चक्कर येऊन पडल्या. खुब्याला मार बसून महिनाभर अंथरुणात होत्या. हे मला मेघनाने तिथे उभ्या-उभ्या हलक्या आवाजात सांगितलं. तिचा चेहरा रडवेला झाला होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! लेकीचं घर बघायला आले, आणि तिच्या आजेसासूबाईंना उपाशी बसवलं.

सुनंदाताईंनी गावच्या दिरांना फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "वहिनी, बांधावर होतं नव्हतं ते समदं दिलं. वावरात (शेतात) कुठलं आलं आता? सगळे तणाचा फवारा मारत्यात."

मी देवघरात जाऊन आजींपुढे बसले आणि जे झालं ते सांगून टाकलं. त्या घटासमोर पाटावर बसल्या होत्या. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाजी केली? कुर्डूची?"

"हो."

"हं," म्हणाल्या आणि पुन्हा जपाची माळ ओढू लागल्या. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "मी काय लगीच मरत नाय. जा, घिऊन या."

"आई, तुम्ही दोघी जा," मी बाहेर आल्यावर मेघना म्हणाली. "मी लिंबू-साखरेचं पाणी करून ठेवते. आजींना जरा जरी घेरी आल्यासारखं वाटलं तर मी सरळ तोंडात घालणार. मग देवी रागावो नाहीतर आजी."

"रागावंन ना," आतून आजी म्हणाल्या.

आधी नाशिकरोडच्या बाजारात गेलो. फुलवाल्यांकडे झेंडूचे ढीग, शेवंती, गुलाब, सगळं होतं. कुर्डू म्हटल्यावर एकाने मखमली लाल कोंबडा (तुऱ्याचं बागेतलं फूल) पुढे केला. "हा घ्या ना. याच्याच घरातलं हे. देवीला काय कळतंय?"

"देवीचं माहीत नाही, आत्याबाईंना कळतं," सुनंदाताई म्हणाल्या. त्या सासूबाईंना आत्याबाई म्हणत. दुसऱ्याने, "कुर्डई असंल तर पुढं किराणा दुकानात बघा," असं सुचवलं. एरवी मी हसले असते.

माळावर कुठेतरी उरलं असेल, या आशेने सिन्नरची बस धरली. खिडकीशी मी, शेजारी सुनंदाताई, आणि मध्ये मांडीवर रिकामी पिशवी. शिंदे-पळसे गेलं, द्राक्षाच्या छाटलेल्या बागा गेल्या, मोहदरीचा छोटा घाट लागला. घाट म्हणून मी सीट घट्ट धरली, तर कोकणवाल्यांनी हसावं इतक्यात तो संपलाही. वर चढलं की जमीन एकदम उघडी पडते. लांबच लांब माळ, त्यावर पवनचक्क्या, एका अंगाला कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड आणि दुसऱ्या अंगाला शेतं. मी बाहेर डोळे लावून बसले होते. प्रत्येक पांढऱ्या दिसणाऱ्या गोष्टीने जीव वर उडत होता. एकदा गवताची कुसळं निघाली, एकदा कोणीतरी वाळत घातलेली धोतरं.

औद्योगिक वसाहतीच्या फाट्यावर उतरलो आणि शेतांच्या बाजूला चालू लागलो. ऊन चांगलंच चढलं होतं. सोयाबीनची कापणी झालेली, टोमॅटोच्या ताराकाठ्या, कांद्याच्या रोपांचे वाफे. सगळं इतकं स्वच्छ की दोन ओळींच्या मध्ये शोधूनही एक तण सापडायचं नाही. एका वाफ्यात एक बाई रोपांना पाणी देत होत्या. मी जरा घाईनेच विचारलं, "बाई, तुमच्या शेतात कुर्डू आहे का हो?"

सुनंदाताईंनी माझा हात दाबला, पण उशीर झाला होता.

"माझ्या वावरात कुर्डू?" बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "कोण म्हणलं? त्या बांधाकडचीनं सांगितलं ना? या, या आत, दाखवा मला कुठं हे कुर्डू! एक काडी घावली तर नाव बदलीन!"

मी चिपळूणची, मला काय ठाऊक की या भागात शेतात कुर्डू आहे का हे विचारणं म्हणजे, तुमच्या डोक्यात उवा आहेत का, असं विचारण्यासारखं! सुनंदाताईंनी पुढे होऊन नवरात्र, घट, म्हातारी उपाशी, असं सगळं समजावलं. बाई निवळल्या. पाण्याची बाटली पुढे केली.

"आमच्यात बी सासू लावायची कुर्डूची माळ. आता झेंडूवरच भागवतो," त्या म्हणाल्या. मग रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "त्या बंद कंपनीत बघा. तिथं ना नांगर, ना फवारा. लय माजलंय."

आम्ही रस्ता ओलांडला. तारेच्या कुंपणापलीकडे मोठी मोकळी जागा होती, मागे गंजलेली शेड. आणि त्या जागेत, खडी-मुरमावर, जिथे दुसरं काही उगवलं नसतं तिथे, कुर्डूच कुर्डू उभं होतं. शेकड्यांनी तुरे, उन्हात चमकणारे, वाऱ्याबरोबर सगळे एकदम एकाच बाजूला कलणारे. शेतांनी हाकलून दिल्यावर बिचारं या कारखान्याच्या आश्रयाला आलं होतं. मला इतका आनंद झाला की मी त्या तारेतून सरळ हात घातला.

"ओ! हात काढा! भंगार न्याया आलेत काय?"

फाटकाजवळच्या खोलीतून खाकी शर्टातले एक रखवालदार बाहेर आले. पन्नाशीचे, सावळे, काटक. फाटकाला भलंमोठं कुलूप. कंपनी बंद हाय, आत सोडायचं नाय, वर कॅमेरा हाय, असं त्यांनी पाठ केल्यासारखं सांगितलं. सुनंदाताई म्हणाल्या, "भाऊ, आम्हाला भंगार नको. आम्हाला फक्त कुर्डू पाहिजे."

त्यांचा चेहराच पालटला. "कुरडू? कुरडू पायजे?" फाटकाच्या गजांना धरून ते हसायला लागले. "आमचेकडं सुरगाण्याला पावसात हीच भाजी. हितं कोण खातच नाय. मी एकलाच खुडून खातो, तं हे लोक हसतात मला." आपलं नाव लहानू, घरची माणसं गावी नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, कापणीला आहेत, असंही त्यांनी सांगून टाकलं. "तुमाला आत नाय सोडता येणार. तुमी सावलीला बसा. मीच आणतो. किती पायजे?"

"भरपूर आणा," सुनंदाताई म्हणाल्या आणि पिशवी गजांमधून आत दिली.

आम्ही फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली दगडावर बसलो. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच दोघींना काही करायला नव्हतं. सुनंदाताईंनी मेघनाला फोन केला. आजी बसल्या आहेत, बोलत आहेत, हात जरा थरथरतायत, पण पाणी घेत नाहीत, असं मेघना म्हणाली. फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "मेघना तुम्हाला आमच्याबद्दल काय सांगते?"

मी सावध झाले. "बरे आहेत म्हणते सगळे."

"अजून?"

"अजून काहीच नाही. म्हणून तर बघायला आले."

सुनंदाताईंनी माझ्याकडे बघितलं. "मला तर वाटायचं, रोज एवढा वेळ फोनवर बोलते, म्हणजे आमच्याच तक्रारी असणार. मी तिला विचारते, तुला काय आवडतं, काय करू तुझ्यासाठी, तर म्हणते, काहीही चालेल. चालेल! मला मुलगी नाही हो. मला कळतच नाही, चालेल म्हणजे आवडलं का गिळलं."

मला हसू आलं. "तिने डाळ पुन्हा वाढून घेतली तर आवडलं. पाणी प्यायली तर गिळलं."

"असं होय!" त्या मनापासून म्हणाल्या. "माझ्या आमटीवर ती लय पाणी पिते."

तेवढ्यात लहानूभाऊ आले. घाम पुसत त्यांनी टम्म भरलेली पिशवी गजांमधून बाहेर सरकवली. सुनंदाताईंनी आत बघितलं आणि त्या तशाच राहिल्या. मीही वाकून बघितलं. पिशवीत हिरवीगार, कोवळी, एकसारखी खुडलेली पानं आणि शेंडे. तुरा एकही नाही.

"फुलं काढून टाकली समदी," लहानूभाऊ खुशीत म्हणाले. "निवडून आणली तुमचेसाठी. घरी जाऊन नुसती धुवायची."

सुनंदाताईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता या रडतात. पण त्यांचे खांदे हलायला लागले, मग पदरातून आवाज फुटला, आणि त्या दगडावर बसून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "विहीणबाई, हा तुमचा भाऊ! सख्खा भाऊ!" असं म्हणत त्यांनी माझ्या पाठीत एक धपका घातला. मीही हसत सुटले. लहानूभाऊ आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिले.

मग त्यांना सगळी कथा सांगितली. "फुलं पायजे व्हती?" ते थक्क झाले. "फूल आलं म्हंजे भाजी वाया गेली, असं आमी म्हणतो. त्याची माळ करतात?" पण देवीचं म्हटल्यावर ते चपला काढून परत गेले आणि दोन्ही हातांत मावेना एवढे तुरे घेऊन आले. हात धुऊन मगच तोडले, हेही सांगितलं. प्रवासासाठी पर्समध्ये ठेवलेली लाडवाची पुडी मी त्यांना दिली. पाल्याची पिशवी ते परत घेईनात. "न्या. भाजी करा. सुरगाण्याची माणसं भाजी टाकत नाय."

परतीला बस थांबेना. शेवटी एक जीप मिळाली, तीही भरलेली. आम्ही दोघी मागच्या दाराशी अर्ध्या-अर्ध्या टेकलो. कुर्डूचे तुरे मी वर धरले होते, कोणाच्या अंगाखाली चेंगरू नयेत म्हणून. सुनंदाताई तिथेच, हिसके खात, पदराला टोचून आणलेल्या सुईत दोरा ओवून माळ गुंफू लागल्या. एकदा सुई बोटात गेली. समोरच्या म्हातारबाबांनी माळ बघून हात जोडले. शिंदेच्या टोलनाक्याशी गाड्यांची रांग लागली तेव्हा मात्र मला देव आठवले. तेवढ्यात मेघनाचा फोन आला. "आई, किती लांब? आजींना घाम आलाय." मी "आलोच" म्हटलं. सुनंदाताईंचा हात जोरात चालायला लागला.

जिना आम्ही धावत चढलो. आजी पाटावरून उठून भिंतीला टेकल्या होत्या, चेहरा पांढराफटक, पण डोळे उघडे. मेघना सरबताचा पेला हातात धरूनच शेजारी बसलेली. सुनंदाताईंनी हातपाय धुतले न धुतले आणि माळ वरच्या दोरीला बांधून घटावर सोडली. मातीतून वर आलेल्या हिरव्या-पिवळ्या धान्याच्या कोंबांवर ती गुलाबी माळ येऊन टेकली. आजींनी हात जोडले, आणि मग स्वतःच हात लांबवून मेघनाच्या हातातला पेला घेतला आणि एका दमात प्यायल्या.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच फरशीवर बसले आणि मला रडू आलं. लाज वाटली नाही.

थोड्या वेळाने आजींच्या चेहऱ्यावर रंग आला. त्या जेवायला बसल्या. सुनंदाताईंनी ताटात भाकरी, वरण, बटाट्याची भाजी वाढली. आजींनी ताटाकडे बघितलं.

"ती कुठंय?"

"कोण आत्याबाई?"

"कुर्डूची भाजी. सकाळधरनं वास येतोय."

मी घाबरत-घाबरत कढई आणली. आजींनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजी उचलली, आणि खूप वेळ चावत राहिल्या. आम्ही तिघी बघत होतो.

"यकदा पाऊस गेला," त्या म्हणाल्या. "बाजरी करपली. वावरात हिरवं म्हणून निस्तं कुर्डू व्हतं. माझी सासू रोज त्याचा पाला शिजवायची. घट बसलं, सहा माळा कशाबशा झाल्या, सातव्याला फूलच नाय कुठं. मंग ती म्हणली, पाला आपून खाल्ला, तुरे तिचे. तवापासनं ही माळ." त्यांनी आणखी एक घास घेतला. "त्या दिशी आधी पाल्याची भाजी करायची आन् मंग माळ लावायची, असं व्हतं. पुढं बरे दिस आले. भाजी गरिबाची म्हणून सुटली, माळ देवाची म्हणून ऱ्हायली. मी बी सुनंदीला कधी बोलले नाय."

सुनंदाताई तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या.

आजी माझ्याकडे वळल्या. "तू अर्धं बराबर केलंस. तुरे तेवढे टाकायचे नव्हते." मग ताट पुढे केलं. "वाढ अजून. आन् येवढं खोबरं कशापायी घातलंस? खोबऱ्याची भाजी का कुर्डूची?"

मेघना हसली. मग आम्ही जेवायला बसलो, तेव्हा तिने स्वतःच्या ताटात दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली. सुनंदाताईंनी ते बघितलं, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. लहानूभाऊंची पिशवी संध्याकाळी शिजली, या वेळी शेंगदाण्याच्या कुटात, सुनंदाताईंच्या हातची. त्या भाजीवर मेघना पाणी प्यायली नाही.

दसरा करून मी निघाले. स्टेशनवर सोडायला सुनंदाताई आल्या. आता आम्ही आग्रह करणं सोडून दिलं होतं. गाडी हलली तेव्हा त्या खिडकीशी चालत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पाला तुम्ही निवडायचा, तुरे मी. आणि घंटागाडीला मी जाणार."

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय-काय बघितलंस नाशिकात? पंचवटी?"

"राहिली."

"त्र्यंबकेश्वर?"

"राहिलं."

"मग बघितलंस तरी काय?"

काय सांगणार? एक बंद कंपनी बघितली. एक विहीण बघितली, जी माझ्यासारखीच रात्री "चालेल" या शब्दावर विचार करत पडते. आणि लेक बघितली. तिची आता मला काळजी वाटत नाही, कारण तिला न विचारता तिच्या ताटाकडे बघणारं अजून एक माणूस तिथे आहे. हे प्रवासवर्णनात कसं बसवायचं ते मला कळत नाही, पण मी एवढंच बघून आले आणि फार हलकी होऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कोयता घेऊन परसात उभे होते. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने, जिथे दिवसभर ऊन पडतं, तिथे तुऱ्यावर आलेलं कुर्डू दाटलं होतं. इतकी वर्षं मी त्याच्याजवळून रोज जात होते.

"हे कुर्डू फार माजलंय," हे म्हणाले. "तोडून टाकतो."

"राहू दे," मी म्हटलं. "पाला आपण श्रावणात खाल्ला. तुरे तिचे आहेत."

"कोणाचे?" ह्यांनी विचारलं.

मी चहाचं आधण ठेवलं, आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला बसले.